धारातीर्थी पडलेल्यांची मानवंदना आणि राज्यघटना



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. दिवसभर उन्हाने तापलेल्या माणसाने संध्याकाळी चार घटका मन रमवायला इथे यावे आणि आम्ही त्याच्यापुढे मृत्यू आणि कायदा असे दोन रूक्ष विषय एकदम वाढून ठेवावेत, हे काही रसिकतेचे लक्षण नव्हे. पण खरे सांगायचे तर हा विषय आम्ही निवडलेला नाही. तो आम्हांला एका म्हाताऱ्या हवालदाराने दिला आहे.

काही वर्षांपूर्वी माण तालुक्यातील एका गावी आम्ही एका जवानाच्या अंत्यविधीस गेलो होतो. असे प्रसंग आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिले असतील. सकाळपासून सारा गाव रस्त्यावर होता. चूल कोणाच्या घरी पेटली नव्हती. लष्कराची गाडी आली, तिरंग्यात लपेटलेली पेटी खाली उतरली आणि इतका वेळ घोषणा देणारा समुदाय एकदम गप्प झाला. तहसीलदारांनी पुष्पचक्र वाहिले, पोलीस अधिकाऱ्यांनी वाहिले, लोकप्रतिनिधींनी वाहिले. 'शोक शस्त्र' असा हुकूम झाला, बंदुकांची तोंडे जमिनीकडे वळली. हवेत तीन फैरी झडल्या, बिगूल वाजला. मग चौघा जवानांनी पेटीवरचा ध्वज उचलून त्याची घडी घातली आणि ती त्या जवानाच्या बापाच्या हाती दिली. बापाला ती कशी धरावी हे कळेना. त्याने ती छातीशी धरली.

आमच्या शेजारी एक वृद्ध हवालदार उभे होते. कोटावर पदके होती. परतताना त्यांनी आम्हांला विचारले, "वकीलसाहेब, ह्ये सगळं आम्ही पलटणीत शिकलो, दुसऱ्यांसाठी केलं. पण ह्ये घटनेत कुठं लिहिलंय?" आम्ही म्हटले, "बघून सांगतो." वकिलाने 'माहीत नाही' म्हणायचे नसते, तो 'बघून सांगतो' म्हणतो.

घरी येऊन बघितले. ज्या पुस्तकावर आम्ही सारा जन्म पोट भरले, ते पहिल्या पानापासून परिशिष्टांपर्यंत पुन्हा चाळले. राष्ट्रपतींच्या वेतनापासून गुरांच्या कोंडवाड्यापर्यंत सर्व काही त्यात आहे. पण देशासाठी पडलेल्या शिपायाला मानवंदना द्यावी, असे एकही कलम त्यात नाही.

ही गोष्ट पहिल्याने आमच्या मनाला लागली. घटनाकारांना शिपायाची आठवण नव्हती काय? असे म्हणवत नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे लष्करातील सुभेदाराचे चिरंजीव. जन्म महूच्या छावणीतला, पहिले इंग्रजी शिक्षण आपल्या साताऱ्याच्या सरकारी शाळेतले. पलटण म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. आणि दुसरी गोष्ट अशी की ह्याच घटना समितीची जी बैठक १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री भरली, जिच्यात पंडित नेहरूंचे ते प्रसिद्ध भाषण झाले, त्या बैठकीत भाषणाच्या ठरावाआधी अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांनी सर्व सभासदांना उभे राहण्यास सांगितले. स्वातंत्र्याच्या लढ्यात, हिंदुस्थानात आणि अन्यत्र, ज्यांनी प्राण दिले त्यांच्या स्मरणार्थ सभा दोन मिनिटे स्तब्ध उभी राहिली. म्हणजे कलम लिहिले नाही, पण कलमे लिहिणारे आधी उभे राहिले. हा प्रसंग आम्ही त्या हवालदारांना पुढे सांगितला तेव्हा त्यांनी मान हलवली, पण त्यांचे समाधान झाले नाही. ते म्हणाले, "उभं राहणं निराळं, लिहिणं निराळं." बरोबर आहे. तेव्हा आपण लिहिलेलेच पाहू.

घटनेच्या ५३ व्या कलमात म्हटले आहे की संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे राहील आणि त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होईल. हे एक टोक. दुसरे टोक भरतीच्या दिवशीचे. सैन्यात शिरताना जवान जी शपथ घेतो, ती आपण नीट ऐकली पाहिजे. कायद्याने प्रस्थापित झालेल्या भारताच्या राज्यघटनेशी आपण निष्ठा राखू, जमिनीवरून, समुद्रावरून वा आकाशातून जिथे धाडतील तिथे जाऊ आणि राष्ट्रपतींच्या व वरिष्ठांच्या आज्ञा जिवावर बेतले तरी पाळू, असे तो म्हणतो. शपथेत माणसाचे नाव नाही, वंशाचे नाव नाही, धर्माचे नाव नाही, सरकारचेही नाही. नाव आहे ते घटनेचे. ह्या देशात अनेक लोक घटनेची शपथ घेतात. मंत्री घेतात, न्यायाधीश घेतात, आमदार-खासदार घेतात. पण 'जिवावर बेतले तरी' हे शब्द त्यांच्या शपथेत नाहीत. ते फक्त शिपायाच्या शपथेत आहेत.

आमच्या मते त्या हवालदारांच्या प्रश्नाचे मूळ उत्तर इथे आहे. शपथ हा दुतर्फी व्यवहार असतो. ज्याने घटनेच्या नावाने जीव गहाण ठेवला आणि ज्याचा तो जीव खरोखरच गेला, त्याचे देणे घटनेच्या नावाने चालणाऱ्या सर्वांवर येते. फलटणकरांना हा फरक चटकन कळावा. ८ मार्च १९४८ पर्यंत आपले हे गाव संस्थान होते. इथे मुजरा राजवाड्याला होता, आणि शिपाई कामी आला तर त्याच्या मुलाबाळांची सोय लावणे हा धन्याचा मोठेपणा होता. मराठेशाहीत ह्या सोयीला 'बालपरवेशी' असा सुंदर शब्द आहे. धनी चांगला असला तर बालपरवेशी चालत असे. नसला तर विचारणार कोणाला? विलीनीकरण झाले, श्रीमंत मालोजीराजे स्वतः पुढे लोकांच्या राज्यात मंत्री झाले आणि मुजऱ्याचा धनी बदलला. आता तिरंगी पेटीला जी मानवंदना मिळते ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

पण मूळ सापडले म्हणजे फांद्या सापडल्या असे नव्हे. बिगूल, फैरी, पुष्पचक्र, दिल्लीचे स्मारक, ३० जानेवारीचे मौन, हे सारे कोणत्या अधिकाराने चालते? बहुतांशी सरकारच्या कार्यकारी अधिकाराने, म्हणजे घटनेच्या ७३ व्या कलमाखाली. आता कोणी विचारील की कायदा केल्यावाचून सरकारने एखादी गोष्ट करावी कशी? ह्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच देऊन ठेवले आहे. खटला शाळेच्या क्रमिक पुस्तकांचा होता. पंजाब सरकारने पुस्तके स्वतः छापायला घेतली म्हणून रामजवाया कपूर नावाचे प्रकाशक न्यायालयात गेले. सरन्यायाधीश मुखर्जी ह्यांनी निवाडा दिला तो असा : प्रत्येक कामासाठी आधी कायदा असलाच पाहिजे असे नाही, मात्र त्या कामाने कोणाच्या हक्कावर गदा येता कामा नये आणि त्याचा खर्च विधिमंडळाने मंजूर केलेला असला पाहिजे. क्रमिक पुस्तकांच्या भांडणातून शिपायाच्या बिगुलाला आधार मिळावा, ही कायद्याची गंमत आहे.

परमवीरचक्राचेच पाहा. घटनेच्या १८ व्या कलमाने सर्व किताब रद्द झाले. रावसाहेब गेले, रावबहादूर गेले. जुन्या वाड्यांच्या दारावरच्या पाट्या तेवढ्या राहिल्या. पण त्याच कलमात लष्करी व विद्याविषयक बहुमान वगळलेले आहेत. ज्या दिवशी घटना अमलात आली त्याच दिवशी, २६ जानेवारी १९५० रोजी, परमवीर, महावीर आणि वीर ही चक्रे स्थापन झाली, आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. ती संसदेच्या कायद्याने नव्हे, राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने.

कायदा जिथे स्पष्ट बोलतो ती जागा म्हणजे ध्वज. राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अवमान रोखणारा १९७१ चा कायदा सांगतो की राष्ट्रध्वज कशावरही आच्छादन म्हणून घालणे हा गुन्हा आहे. अपवाद फक्त शासकीय इतमामातल्या, सैन्याच्या व निमलष्करी दलांच्या अंत्यविधीचा. २००२ च्या ध्वजसंहितेत पुढचा तपशील आहे : भगवा पट्टा मस्तकाकडे असावा आणि ध्वज थडग्यात उतरवू नये की चितेत जाळू नये. म्हणून तो घडी घालून काढून घेतला जातो. आणखी एक गोष्ट ह्या संहितेत आमच्या ध्यानात आली. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान अशा थोर पदाधिकाऱ्यांच्या निधनानंतर ध्वज अर्ध्यावर उतरवायचा, त्यांची यादी तिथे दिली आहे. त्या यादीत शिपाई नाही. त्याच्यासाठी ध्वज अर्ध्यावर येत नाही. तो काठीवरून पुरता खाली येऊन त्याच्या अंगावर जातो.

आणि त्या दिवशी माणच्या गावात आम्ही जे पाहिले, त्यात घटनेची सातवी अनुसूची कशी उभी होती तेही पाहण्यासारखे आहे. पेटी आली ती संघसूचीतून, कारण सैन्य हा केंद्राचा विषय. स्मशान हा राज्यसूचीतला दहावा विषय, म्हणून तहसीलदार. हाच अंत्यविधी फलटण शहरात झाला असता तर जागा नगरपालिकेची, कारण १९९२ च्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत दफनभूमी व स्मशानभूमी नगरपालिकांच्या कामांत घातली आहे. केंद्र, राज्य आणि गाव हे तिघे एकाच चितेपाशी येतात. इतर वेळी हे तिघे एकमेकांकडे बोट दाखवतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. असो.

कार्यकारी अधिकाराने चालणाऱ्या गोष्टीचा एक दोष आहे : जे हुकुमाने येते ते हुकुमाने बदलते. दिल्लीच्या इंडिया गेटखाली २६ जानेवारी १९७२ रोजी, बांगलादेशच्या युद्धानंतर, अमर जवान ज्योती पेटली. उलटी बंदूक, तिच्यावर शिरस्त्राण. पन्नास वर्षे ती तिथे तेवली. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी जवळच राष्ट्रीय युद्धस्मारक झाले, आणि २१ जानेवारी २०२२ रोजी जुनी ज्योत नेऊन नव्या ज्योतीत मिळवण्यात आली. त्यावर पुष्कळ वाद झाला. आमचे मत विचाराल तर नावे जिथे, ज्योत तिथे, हे आम्हांला पटते; इंडिया गेटवरची नावे पहिल्या महायुद्धातली व अफगाण सरहद्दीवरची, १९७१ च्या शिपायाचे नाव तिथे नव्हते. पण पन्नास वर्षे ज्या ज्योतीपुढे राष्ट्राने मान लवविली, ती हलवताना आधी संसदेत चार तास चर्चा झाली असती तर बरे झाले असते. खर्च संसदेने मंजूर करायचा आणि भावनेचा प्रश्न आला की संसदेने वर्तमानपत्रात वाचायचे, हे आम्हांला बरे वाटत नाही.

आता ह्या आदराची सक्ती करता येते काय, हा प्रश्न. ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्ध राहावे, अशा केंद्राच्या गृहखात्याच्या सूचना दरवर्षी निघतात. अकराला एक मिनिट कमी असताना भोंगा वाजावा, अकरा वाजून दोन मिनिटांनी पुन्हा वाजावा, असे सारे त्यात आहे. पण रस्त्याने जाणारा कोणी थांबला नाही तर त्याला दंड नाही. केरळातल्या तीन मुलांनी शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहूनही धर्मश्रद्धेमुळे ते म्हटले नाही, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. काही थोड्या लोकांना तो निवाडा आवडला नाही. आम्हांला तो सैनिकाच्या हिताचा वाटतो. ज्या शिपायाने स्वतंत्र माणसांच्या घटनेसाठी शपथ घेतली, त्याच्या स्मृतीपुढे दांडक्याने वाकवलेली मान त्याला कशाला हवी?

शब्दांविषयीही दोन शब्द. आपण सर्रास 'शहीद' म्हणतो. शासनाने मात्र संसदेत अनेकदा सांगितले आहे की हा शब्द सैन्याच्या दप्तरात नाही. तिथे 'युद्धात कामी आला' अशा अर्थाची नोंद होते. हे ऐकून लोक रागावतात. आम्ही रागावलो नाही. शहीद ह्या शब्दाच्या मागे धर्माचा अर्थ आहे आणि घटनेचे दप्तर कोणाच्या परलोकाविषयी बोलू शकत नाही. शिवाय आपल्या मराठीत शब्दांची काय वाण आहे? बखरकार 'कामास आला' म्हणतात, लढाईत पडला तो 'धारातीर्थी' पडला. किती नेमके! ह्या पलटणींचीही आठवण किती जुनी असते पाहा : मराठा लाइट इन्फंट्री आपला दिवस साजरा करते तो ४ फेब्रुवारीला, १६७० साली तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले त्या दिवसाच्या स्मरणार्थ.

इथपर्यंत सोपे होते. आता आपल्या जिल्ह्याचा जो खरा अवघड भाग आहे त्याकडे यायचे आहे.

सप्टेंबर १९४२. वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि माणसे पडली. ते आपले हुतात्मे. त्याच महिन्यात ह्याच जिल्ह्यातली मुले आफ्रिकेच्या वाळवंटात आणि पुढे इटलीच्या डोंगरात ब्रिटिश बादशहाच्या नावाने लढत होती. एकाच गावातला, कदाचित एकाच भावकीतला एक मुलगा बादशहासाठी मेला आणि दुसरा बादशहाच्या गोळीने मेला. आता प्रजासत्ताकाने कोणापुढे मान लववायची? हुतात्म्याचा प्रश्न सुटलेला आहे. घटनेच्या ५१-क कलमात स्वातंत्र्यलढ्याच्या आदर्शांची जोपासना हे नागरिकाचे कर्तव्यच सांगितले आहे. पण तो दुसरा? राष्ट्रीय युद्धस्मारकावर पंचवीस हजारांहून अधिक नावे सोन्याच्या अक्षरांत कोरली आहेत, प्रत्येकाची शिळा निराळी; पण ती स्वातंत्र्यानंतर पडलेल्यांची. जुन्या सरकारची देणीघेणी नव्या सरकारकडे येतील असे घटनेचे २९४ वे कलम सांगते. त्यामुळे कर्ज आले, करार आले. आठवण आली की नाही, ह्याविषयी ते कलम काही बोलत नाही. राष्ट्रकुलाच्या ज्या आयोगाकडे दोन्ही महायुद्धांच्या कबरींची व्यवस्था आहे, त्याचा भारत आजही सभासद आहे. म्हणजे वर्गणी आपण भरतो.

त्या आयोगाने २०२१ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात स्वतःची चूक कबूल केली आहे : पहिल्या महायुद्धात साम्राज्यासाठी मेलेल्या आशियाई व आफ्रिकी माणसांपैकी निदान एक लाख सोळा हजार जणांचे नावाने किंवा मुळीच स्मारक झाले नाही, हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकेल. हे आपल्यापासून लांब आहे असे समजू नका. इराकातल्या कुतच्या वेढ्यात जी सहावी पुणे डिव्हिजन सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली, तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. उपासमारीत मेले, कैदेत मेले. त्या रणांगणाचे स्मारक बसऱ्याला आहे. तिथे गोऱ्या शिपायांची नावे दगडात आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक आकडा आहे. 'आणि इतर इतके.'

साताऱ्याजवळचे अपशिंगे आपणा सर्वांना ठाऊक आहे. सरकारदरबारीसुद्धा त्याचे नाव 'अपशिंगे मिलिटरी' असेच आहे. पहिल्या महायुद्धात ह्या गावाचे ४६ जवान कामी आले असे गाव सांगते, आणि त्यांचे स्मारक गावात आहे. इतरही अनेक गावांच्या चावडीवर, वेशीत तो पांढरा दगड आपण पाहिला असेल : ह्या गावातून महायुद्धास इतके लोक गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दगड चांगला, अक्षर चांगले. नाव एकही नाही. आपल्या जुन्या वीरगळांवरही बहुधा नाव नसते. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेतात, वर तो महादेवाची पूजा करतो आहे, कडेला चंद्रसूर्य; पण तो वीर कोण? गाव विसरले, शेंदूर फासला आणि देव करून टाकला. मात्र वीरगळात निदान त्या एका माणसाची आकृती आहे. चावडीच्या दगडात माणूस बेरजेत गेला.

नाव कोरल्याने काय होते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने भीमा कोरेगावच्या स्तंभाचा विचार करावा. स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला. पण त्यावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यांतली २२ महार शिपायांची आहेत. ज्या समाजाला गावात नावाने हाक मारायला लोक तयार नव्हते, त्याची नावे दगडात. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले ते कंपनीचा विजय साजरा करायला नव्हे. स्तंभ ज्याने बांधला त्याचा हेतू मागे पडला आणि ज्यांची नावे होती त्यांच्या नातवंडांचा तो झाला. घटनेचे १४ वे कलम अजून तेवीस वर्षे लांब होते.

फ्रान्समध्ये जुलै १९१५ चा एक कायदा आहे. युद्धात मेलेल्याच्या मृत्युनोंदीवर 'फ्रान्ससाठी मेला' असे शब्द लिहायचे, तो शिपाई असो की सेनापती. पुढे तिथे जवळजवळ प्रत्येक खेड्याच्या चौकात स्मारक झाले आणि खेड्याने आपापली नावे कोरली. पंजाबातील महायुद्धाच्या सैनिकांची जुनी गावनिहाय रजिस्टरे लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात निघाली आणि २०२१ पासून ती लोकांना पाहायला मिळू लागली. नातवंडांनी आजोबा शोधून काढले. आपल्याकडे पुण्याला नागरिकांनी वर्गणी करून दक्षिण कमांडचे युद्धस्मारक उभे केले, ते १९९८ साली खुले झाले. तेव्हा हे काम सरकारनेच करावे असे काही नाही. घटनेने अडवलेले नाही आणि हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

तो हवालदार आम्हांला वर्षभराने पुन्हा भेटला. आम्ही त्याला ५३ वे कलम, शपथ, रामजवाया कपूर असे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग त्याच्या मनातले बाहेर आले. त्याच्या आजोळच्या चावडीवर तसा दगड आहे. त्याच्या आईचा चुलता बसऱ्याला गेला तो आला नाही. "त्या आकड्यात तो धरलाय का न्हाय, एवढं बघा."

आम्ही आयोगाची यादी तपासली. ती आता घरबसल्या पाहता येते. त्या नावाचे तीन शिपाई निघाले. एकाच्या नोंदीत बापाचे नाव आणि गाव आहे; ते गाव दुसरे. उरलेल्या दोघांच्या नोंदीत नंबर आणि पलटण, बाकी काही नाही. ह्या दोघांपैकी त्याचा कोणता, किंवा दोन्ही नव्हेत, हे आम्हांला अजून सांगता येत नाही. पलटणीचा नंबर कळला तर सांगता येईल. त्यासाठी पदक हवे. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. त्या घरचे पदक दुष्काळात सोनाराकडे गेले.

आपल्यापैकी कोणाच्या घरी, आजीच्या पेटीत किंवा देवघराच्या फळीवर, असे पदक असेल तर ते मोडीत घालण्यापूर्वी त्याची कड उजेडात धरून पाहा आणि वाचता येईल तेवढे कागदावर उतरवून घ्या. जुनी पेन्शनची पुस्तके असतील तीही. आम्ही उद्या सकाळी अकराच्या गाडीपर्यंत फलटणला आहोत.